एका बाईला दोन कार्डं मिळत नाहीत

"फॉर्म भरणं ही कला आहे, आणि या अख्ख्या गावात ती एकट्या मला येते!" असं ताई छातीठोकपणे सांगत, आणि ते खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली होती. दाखला असो, अर्ज असो, हमीपत्र असो, ताईंच्या हातून गेलेला कागद कधी परत आला नाही. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे लोक कागद घेऊन त्यांच्या दारात उभे राहत आणि ताई चष्मा नाकावर सरकवून विचारत, "काळं पेन आणलंय का? निळं असेल तर आल्या पावली परत जा!"

त्यामुळे डॉक्टरांनी ताईंच्या मिस्टरांची सोनोग्राफी पाहून सांगितलं, की पित्ताशयात खड्यांची खाणच लागली आहे, महिन्याभरात ऑपरेशन उरकून टाका, आणि सरकारी आरोग्य विमा योजनेत नाव नोंदवा म्हणजे काळजी नको, तेव्हा मिस्टरांचा चेहरा पडला, पण ताईंचा उजळला!

"किती पानी फॉर्म आहे?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"सहा पानी असेल."

"सहाच?" ताई जरा खट्टू झाल्या.

मिस्टर म्हणजे लोण्याहून मऊ माणूस. चष्म्याच्या दुकानात 'हे भिंग बरं दिसतं की ते?' असं गिऱ्हाइकांना विचारण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. स्वतःचं मत द्यायची सवयच मोडली होती. तरी ते चाचरत म्हणाले, "अगं, आधी केंद्रावर जाऊन कुणाला तरी विचारूया का?"

"कुणाला? मी इथे बसलेली असताना कुणाला?"

विषय संपला. दोन संध्याकाळी टेबलाशी बसून ताईंनी फॉर्म भरला. अक्षर असं, की छापलेल्या अक्षरांनी शरमेनं मान खाली घालावी! खाडाखोड नाही, डाग नाही. पेन्शन त्यांना असल्यामुळे कुटुंबप्रमुख त्या, आणि मिस्टर त्यांच्या कार्डावर. सगळं कसं चोख!

सोमवारी सकाळी दोघं नोंदणी केंद्रावर गेली. केंद्र म्हणजे एक जुना बॅडमिंटनचा हॉल. नेट काढून टाकलं होतं, पण जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा तशाच होत्या, आणि शिपाई त्या रेघांवर लोकांना उभं करत होता. "ओ काका, तुम्ही लाइनच्या बाहेर आहात!" असं तो मिस्टरांवर दोनदा ओरडला. दीड तास दोघं त्या रेघेवर मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

खिडकी नंबर चारवर एक ऑपरेटर बसला होता. त्याच्या मानेला जाडजूड पट्टा होता, त्यामुळे कुणाकडे पाहायचं तर त्याला खुर्चीसकट वळावं लागे. फॉर्म घेऊन तो खुर्चीसकट ताईंकडे वळला.

"बाई, कॅमेऱ्याकडे बघा. हलू नका."

ताई हलल्या नाहीत. पासपोर्ट फोटोलासुद्धा त्या कधी हलल्या नव्हत्या. कॉम्प्युटरनं 'टूंऽऽक' असा आवाज काढला.

"तुमचं कार्ड आहे," ऑपरेटर म्हणाला.

"कसलं कार्ड?"

"हेच. गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला निघालंय. चेहरा शंभर टक्के जुळतोय. पुढचे या!"

"पुढचे कुठले या? मी गेल्या महिन्यात इथे फिरकलेसुद्धा नाही!"

ऑपरेटरनं सुस्कारा टाकून पडदा त्यांच्याकडे फिरवला. "मग या कोण?"

पडद्यावर ताई होत्या! तेच कपाळ, तेच नाक, हनुवटीवरचा तोच खड्डा. फक्त कानात लोंबते डूल, आणि ओठांवर हसू. तो फोटो पाहून ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती त्यांची धाकटी बहीण होती. धाकटी म्हणजे अकरा मिनिटांनी धाकटी. दोघी जुळ्या. गावाच्या पार दोन टोकांना राहत, आणि गेली सहा वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं.

"या कोण, ते माझ्या गावीही नाही!" ताई म्हणाल्या.

"अगं, ही तर..." मिस्टरांनी तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा!"

मिस्टर गप्प बसले. ती सवय मात्र मोडलेली नव्हती.

"हे बघा बाई," ऑपरेटर म्हणाला, "विसरला असाल. होतं असं वयोमानानं. पण एका बाईला दोन कार्डं मिळत नाहीत. काही म्हणणं असेल तर लेखी द्या."

वयोमानानं! आणि वर लेखी द्या! ताईंना लेखी द्या म्हणणं म्हणजे वाघाला 'दात दाखव' म्हणण्यासारखंच होतं. त्यांनी तिथेच, हॉलच्या पायरीवर बसून, चार पानी अर्ज लिहिला. 'सदर कार्डावरील छायाचित्र माझेच भासत असले, तरी सदर कार्डाशी माझा काडीचाही संबंध नाही. सबब सदर कार्डाबाबत योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी, आणि माझ्या पतीचे नाव समाविष्ट करण्यात यावे.' चार पानांत 'सदर' हा शब्द एकवीस वेळा होता. 'बहीण' हा शब्द एकदाही नव्हता.

"नुसतं 'जुळी बहीण' असं दोन शब्दांत लिहिलं असतं तर?" घरी येताना बसमध्ये मिस्टरांनी हळूच विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी मला बहीण होती. आता नाही!" ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. मिस्टरांच्या पोटात कळ आली. ती खड्यांची होती की या बोलण्याची, हे त्यांनी सांगितलं नाही.

सरकारी कामाला महिने लागतात असं कोण म्हणतं? तिसऱ्याच दिवशी ताईंच्या फोनवर संदेश आला! ताईंनी तो विजयी मुद्रेनं मोठ्यानं वाचायला घेतला. "'आपल्या विनंतीनुसार दुरुस्ती करण्यात आली आहे. सतरा तारखेचे कार्ड रद्द. पतीचे नाव समाविष्ट. आपले नवीन कुटुंब...'" आणि त्या थांबल्या.

"वाच की पुढे."

"'महिला एक. पती दोन.'"

"दुसरा कोण?" मिस्टरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

ताईंनी कपाळावर हात मारला. ऑफिसानं त्यांचा अर्ज अक्षरशः पाळला होता. धाकटीचं कार्ड रद्द केलं, तिचं कुटुंब उचलून ताईंच्या नावावर टाकलं, आणि त्यात मिस्टरांना समाविष्ट केलं. धाकटीचा नवरा, जो लांब पल्ल्याची बस चालवायचा, तो आता कागदोपत्री ताईंचा पहिला नवरा होता. मिस्टर दुसरे!

"मी नंतर अर्ज केला ना, म्हणून नंबर खाली लागला असेल," मिस्टर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"अहो, तुम्हाला जराही संताप येत नाही का?"

ताईंना मात्र इतका आला, की त्या तडक केंद्रावर जायला निघाल्या. पायात चप्पल सरकवून त्यांनी दार उघडलं, तर दारात धाकटी उभी!

सहा वर्षांनी उभी होती. पण ही काय अवस्था! अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा, त्यावर घाईघाईनं चढवलेलं स्वेटर. डाव्या भुवईवर निळ्या शाईची ठसठशीत फुली. डाव्या डोळ्याची बाहुली औषधानं बशीएवढी झालेली, त्यामुळे एका डोळ्यानं ती साधं पाहत होती आणि दुसऱ्या डोळ्यानं खाऊ की गिळू करत होती.

"भाऊजी," ती ताईंच्या डोक्यावरून मिस्टरांना म्हणाली, "तुमच्या बायकोला विचारा, माझं कार्ड रद्द करून तिला काय मिळालं? माझं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं! डोळ्यात थेंब घातले, फुली मारली, टेबलावर आडवी केली, आणि तिथून उठवलं मला! म्हणे, तुमच्याच लेखी अर्जानं तुमचं कार्ड मेलं!"

"अहो, तिला सांगा," ताई मिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "मी काहीही रद्द केलेलं नाही. मी फक्त योग्य ती कार्यवाही मागितली होती!"

"ती म्हणते आहे, की..." मिस्टर सुरू झाले.

"ऐकलं मी! अजून बहिरी झालेली नाही! आणि भाऊजी, आमच्या ह्यांचा हायवेवरून फोन आला होता. विचारत होते, कुटुंबात हा दुसरा पती कोण शिरला?"

"मी," मिस्टर खजील होऊन म्हणाले. "पण मी दुसरा आहे म्हणावं. त्यांचा पहिला नंबर कायम आहे."

अर्ध्या तासानं तिघं बसमध्ये होती. मधे मिस्टर, दोन्ही बाजूंना दोन सारख्याच बायका, दोघींचे ओठ सारखेच घट्ट मिटलेले. समोर बसलेला एक म्हातारा आळीपाळीनं दोघींकडे पाहत राहिला, मग चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेला.

तिघं खिडकी नंबर चारवर आल्यावर ऑपरेटर खुर्चीसकट ताईंकडे वळला. मग धाकटीकडे वळला. मग पुन्हा ताईंकडे. पट्ट्यातल्या पट्ट्यात त्याची मान कुरकुरली.

"आता दिसतंय ना?" ताई गरजल्या. "आम्ही दोन आहोत!"

"ते मला दिसतंय बाई. कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याच्या हिशेबी तुम्ही एकच आहात, आणि एका बाईला दोन कार्डं..."

"आम्ही एक बाई नाही!" दोघी एकदम ओरडल्या. शब्द एक, सूर एक, बोट नाचवायची तऱ्हासुद्धा एक!

ऑपरेटर दचकला. "हे बघा, एकत्र बोलू नका, केस आणखी कमजोर होते. दोघी जणी कॅमेऱ्यासमोर या." दोघी आल्या. कॅमेऱ्यानं एकाच चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन काढला. तो ताईंवरून उडी मारून धाकटीवर गेला आणि तिथेच बसला. ऑपरेटर म्हणाला, "यानं फुलीवाल्या बाईंना धरलं."

आणि ताईंचा बांध फुटला!

"धरणारच! सगळे हिलाच धरतात! माझ्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. माझा! मी येत होते, वाटेत गाडी पंक्चर झाली. पोचून बघते, तर ही स्टेजवर! हातात माझा गुच्छ, काखेत माझं भेटीचं भिंतीवरचं घड्याळ, आणि माइकवर माझं भाषण चालू!"

हे ऐकायला मागची रांग आपोआप पुढे सरकली. कुणीही पांढऱ्या रेघेवर उरलं नाही, आणि शिपाईही ओरडायचं विसरला.

"मग काय करायला हवं होतं मी?" पहिल्यांदाच धाकटी थेट ताईंशी बोलली. "हॉलमध्ये दीडशे माणसं! मुख्याध्यापकांनी मला हाताला धरून स्टेजवर नेलं. तीन वेळा सांगितलं, मी ती नव्हे! ते म्हणाले, किती हा विनय! शेवटी बोलले!"

"बोललीस! आणि इतकं चांगलं बोललीस, की सहा वर्षं झाली, बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात लोक मला गाठून सांगतात, 'बाई, काय सुंदर बोललात हो त्या दिवशी, डोळ्यांत पाणी आलं!' आणि मी म्हणते, धन्यवाद! सहा वर्षं मी तुझ्या भाषणाचे धन्यवाद मानते आहे! आणि त्यात तू काय बोललीस, ते मला अजून माहीत नाही!"

"विचारलंस का कधी?"

"विचारते आता!"

धाकटीची फुली भुवईसकट वर गेली. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "फार काही नाही. म्हटलं, या ऑफिसातून गेलेल्या एकाही मुलाचं नाव कधी चुकलं नाही. स्वतःच्या मुलाचं नाव लिहावं तसं एकेक नाव लिहिलं जायचं. हे तू स्वतः कधी बोलली नसतीस. तू उभी राहिली असतीस, तर घड्याळाची पोच लिहून द्यायला बसली असतीस."

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. ते मिस्टर होते. ताईंनी पर्समधून रुमाल काढून तो धाकटीच्या वाहणाऱ्या डाव्या डोळ्याला लावला. औषधानं वाहत होता म्हणे.

"फुली नको पुसूस," धाकटी म्हणाली. "परत मारायला लावतील."

ऑपरेटर मधेच खाकरला. "म्हणजे तुम्ही जुळ्या आहात?"

"मग काय गंमत म्हणून एकसारख्या दिसतो?"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! जुळ्यांसाठी सोय आहे. फॉर्मच्या पाचव्या पानावर कलम सत्तावीस. 'अर्जदारास जुळे भावंड आहे काय?' तिथे 'होय' लिहिलं, की मशीन चेहरा सोडून अंगठा मागतं. दोन मिनिटांचं काम!"

"काय?" ताई कडाडल्या. "मग तुमचं लक्ष कुठे होतं? सहा पानी फॉर्म वाचायचा पगार घेता ना? माझ्या फॉर्ममधला शब्द न् शब्द सुवाच्य आहे! काढा तो फॉर्म! बघू द्या मला सत्तावीस!"

ऑपरेटरनं ढिगाऱ्यातून फॉर्म काढला. पाचवं पान उघडून खिडकीतून बाहेर सरकवलं. तिघांनी त्यावर माना वाकवल्या.

कलम सत्तावीस. आणि त्यापुढे काळ्या पेनानं, छापल्यासारख्या सुरेख अक्षरांत, खाली एक ठाम रेघ मारून लिहिलं होतं: 'लागू नाही.'

"अक्षर मात्र छान आहे हो," ऑपरेटर म्हणाला.

धाकटीनं ताईंकडे पाहिलं. मिस्टरांनी छताकडे पाहिलं. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका फॉर्ममध्ये खाडाखोड केली, आणि तीसुद्धा मान वर न करता. मग दोघींनी अंगठे लावले. खरोखर दोन मिनिटं लागली! कुटुंबं दोन झाली, प्रत्येकी पती एक झाला. मिस्टरांची बढती होऊन ते पहिल्या नंबरवर आले.

पंधरवड्यात मिस्टरांचं ऑपरेशन झालं. एकोणीस खडे निघाले. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले, आणि ताईंनी मोजून घेतले. संध्याकाळी भेटीच्या वेळेला ताई फळं घ्यायला खाली उतरल्या आणि पिशवी घेऊन परत वर आल्या, तर वॉर्डच्या दारातल्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"एका पेशंटजवळ एकच माणूस. तुम्ही आत्ताच आत गेलात."

"मी आत गेले?"

"माझ्यासमोर गेलात की! आता बाहेर कशा आलात ते मला सांगा आधी!"

ताईंच्या लक्षात आलं. धाकटी भेटायला येणार होती. ती थेट आत गेली असणार! रक्त उसळलं. 'साहेबांना बोलवा! लेखी घेते तुमच्याकडून!' हे शब्द जिभेच्या टोकावर आले. पण वॉर्डात माणसं झोपली होती. ताईंनी ते शब्द कसेबसे गिळले आणि बाकावर पिशवी मांडीवर घेऊन धुमसत बसल्या. बसो दहा मिनिटं, आपलीच बहीण आहे!

पण पाचच मिनिटांत आतून धावपळ ऐकू आली. एक नर्स पळत गेली, दुसरी पळत आली. मग दार ढकलून धाकटी बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, लवकर आत चल! भाऊजींचं ब्लडप्रेशर वाढलंय!"

"काय केलंस तू त्यांना?" ताई ताडकन उठल्या.

"काही नाही गं! कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, कसं वाटतंय आता? आराम करा हं, कशाची काळजी करू नका. गुंगीत होते, त्यांना वाटलं तूच आहेस. माझ्याकडे बघून एकदम रडायलाच लागले. म्हणाले, 'तू इतकी गोड बोलते आहेस, म्हणजे माझं काही खरं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते लपवू नकोस!' ऐकेचनात! नर्सनं निरोप दिलाय, बाहेर खऱ्या बाई असतील तर त्यांना ताबडतोब आत पाठवा, आणि पेशंटवर जरा ओरडायला सांगा!"

पहारेकरी निमूट बाजूला झाला. ताई आत गेल्या. पुढच्या क्षणी वॉर्डच्या भिंती हादरल्या. "अहो, कसलं रडणं लावलंय हे? आणि पांघरूण कुठे गेलं? पाय आधी आत घ्या!"

दोन मिनिटांत ब्लडप्रेशर उतरलं. नर्सनं आकडा तक्त्यावर लिहिला, आणि औषधाच्या रकान्यात काय लिहावं, हे न सुचून तो कोरा सोडला.